आग ओकणारं फूल आणि मागे जायचं बटण

परवा बहिणीशी चांगलंच वाजलं. कशावरून ते सांगितलं तर हसाल. एका फुलावरून. तेही बागेतलं नाही, टीव्हीतलं.

भाचेबुवा दिवाळीच्या सुट्टीत मुक्कामाला आले होते. वय वर्षं दहा. सोबत त्यांचं स्विच. त्यात वर्गणी भरली की निन्टेंडोचे जुनेपुराणे गेम खेळता येतात हे मी ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. भाच्याने यादीतून 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' उघडला आणि मी हातातला पेपर बाजूला ठेवला. ते संगीत ऐकून मन बालपणात गेलं वगैरे लिहायचा मोह होतोय, पण तसं काही झालं नाही. मला एवढंच आठवलं, की आता पहिल्या पाईपमधून 'ते' येणार.

आलंच. लाल डोकं, त्यावर पांढरे ठिपके, जाड ओठ. पाईपमधून वर आलं, मारिओकडे मान वळवली, क्षणभर थांबलं आणि आगीचा गोळा थुंकलं. मारिओ खलास. मी "अरेरे" म्हणेपर्यंत भाच्याने दोन बटणं एकदम दाबली आणि मारिओ उलटा चालायला लागला! गोळा फुलाच्या तोंडात परत गेला, फूल पाईपमध्ये परत गेलं, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात खेळ पुढे सुरू.

"हे काय रे?"

"रिवाइंड, मामा. मेलं की मागे जायचं."

"मग मरायचं कशाला?"

या प्रश्नावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा करायला उठलो.

तर मंडळी, माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी जरा जोरात मांडणार आहे: ते बटण त्या फुलाचा अपमान आहे. बाकीच्या शत्रूंचं मला माहीत नाही. गूम्बा वगैरे चालतात आणि चिरडले जातात, त्यांच्याबद्दल मला काही भावना नाहीत. पण या फुलाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

आधी ओळख करून देतो. मारिओतलं साधं खाणारं फूल, म्हणजे पिरान्हा प्लँट, १९८५च्या पहिल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'पासून आहे. पाईपमधून वरखाली होतं, तोंड उघडझाप करतं. जपानीत त्याला 'पाक्कुन फ्लॉवर' म्हणतात. आपण 'मटकन' गिळलं म्हणतो ना, तसा तिकडचा तो 'पाक्कुन'. पहिल्या लेव्हलच्या पाईपांत ते नसतंच, दुसऱ्या लेव्हलपासून भेटतं. पण हे साधं फूल फक्त चावतं. आग ओकणारी जात आली १९८८ साली, तिसऱ्या भागात. अमेरिकेत तो भाग १९९० साली पोचला आणि तिकडे या जातीचं नाव पडलं 'व्हीनस फायर ट्रॅप'. कॅरोलिनाच्या दलदलीत उगवणारं 'व्हीनस फ्लायट्रॅप' नावाचं माशा पकडणारं खरं झाड आहे, त्यावर केलेली ही कोटी. ते खरं झाड मोठं गमतीचं. त्याच्या पानावरच्या केसाला एकदा स्पर्श झाला तर ते मिटत नाही. वीसेक सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला तरच मिटतं. म्हणजे पहिली चूक माफ. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या लहानपणी मात्र हे फूल दुर्मीळ होतं. फुलाचा त्यात दोष नव्हता, आमच्या कॅसेटचा होता. नव्वदच्या दशकात आमच्या गावात जे व्हिडिओ गेम मिळायचे ते सगळे निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला. सोबत एक पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं '९९९९ इन १'. त्यातले खरे गेम मोजून वीसपंचवीस, बाकी तेच ते वेगळ्या नावाने. पहिला मारिओ त्यात हमखास असायचा, कारण तो सगळा मिळून ४० किलोबाइट. तिसरा भाग ३८४ किलोबाइटचा, शिवाय त्याच्या कॅसेटमध्ये एक वेगळी चिप लागायची. तो त्या स्वस्तातल्या कॅसेटमध्ये मावणार कुठून? त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक पोराला चावणारं फूल माहीत होतं, आणि आग ओकणारं फूल ही एक अफवा होती. कुणाच्या तरी मुंबईच्या मावसभावाने पाहिलेली.

मी ते पहिल्यांदा पाहिलं स्टँडमागच्या दुकानात. तासाच्या हिशोबाने खेळायला मिळायचं. दुकानदाराकडे तिसऱ्या भागाची सुटी कॅसेट होती आणि ती तो जपून ठेवायचा. मी पैसे मोजले, बसलो, पहिल्याच पाईपपाशी फुलाने मला जाळलं. पुन्हा. पुन्हा. पहिल्या तासात मी त्या पहिल्या लेव्हलच्या पुढे गेलो नाही. मागे उभी असलेली पोरं काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या शनिवारी परत गेलो. आणि त्या दिवशी मी खेळण्याऐवजी बघितलं.

हे फूल काय करतं ते नीट बघा. ते अचानक येत नाही. पाईपमधून सावकाश वर येतं. आल्यावर तुमच्याकडे तोंड करतं. तुम्ही डावीकडे असाल तर डावीकडे, उजवीकडे असाल तर उजवीकडे. तुम्ही उंचावर असाल तर मान वर करतं. मग थांबतं. हा थांबण्याचा क्षण फार महत्त्वाचा आहे. आणि मग गोळा सोडतं. गोळा सरळ रेषेत, तिरपा जातो. एकदा सुटला की तो वळत नाही, तुमचा पाठलाग करत नाही. म्हणजे बघा, हा शत्रू आधी हजर होतो, मग तुमच्याकडे बघतो, मग थांबतो, आणि मग जिथे सांगितलं तिथेच मारतो. एवढी सभ्यता मला माझ्या नोकरीत कुणी दाखवली नाही :)

आणि याहून मोठी गंमत पुढे आहे. तुम्ही पाईपला अगदी चिकटून उभे राहिलात, तर ते बाहेर येतच नाही! साध्या फुलाचा हा नियम पहिल्या भागापासून आहे, आणि आग ओकणारंही तो पाळतं. म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागा कुठली, तर त्याच्या दाराशी. लांब पळालात की ते वर येणार, मान वळवणार आणि जाळणार. भीतीने जे करावंसं वाटतं ते नेमकं चुकीचं, आणि जे करायला छाती लागते ते बरोबर. हे कुणी मला सांगितलं नाही. मारिओ पाईपला टेकून उभा राहिला आणि फूल आलं नाही, तेव्हा मला आधी वाटलं कॅसेट अडकली. मग कळलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते दहावीच्या निकालाला वाटलं नव्हतं.

आता भाच्याकडे येतो. त्याने हा गेम पूर्ण केलाय. आठही जगं, शेवटचा बाउझर, सगळं. मी कधीच केला नाही, माझी धाव पाचव्या जगापर्यंत. मी त्याला विचारलं, "पाईपला चिकटून उभं राहिलं तर काय होतं?" त्याला माहीत नव्हतं.

पुन्हा वाचा. आख्खा गेम संपवलेल्या पोराला पहिल्या लेव्हलच्या पहिल्या फुलाचा स्वभाव माहीत नव्हता. कारण त्याला कळून घ्यायची वेळच आली नाही. गोळा लागला, मागे; लागला, मागे; कधीतरी नाही लागला, पुढे. त्याने फुलाला हरवलं नाही. त्याने फुलाला ओलांडलं, जसं आपण रेल्वेतून न उतरता स्टेशन ओलांडतो.

तुम्ही म्हणाल, हे म्हाताऱ्यांचं रडगाणं झालं. आमच्या वेळी म्हणे फार अवघड होतं, पोरं आता मऊ झाली. नाही हो. मला अवघडपणाचं कौतुक नाही. १९८६ साली निन्टेंडोने जपानात दुसरा भाग काढला, त्यात विषारी मश्रूम आहेत, मध्येच वारा सुटतो, आणि लाल फुलं आहेत, जी तुम्ही पाईपला चिकटलात तरी बाहेर येतात. तो गेम त्यांनी तेव्हा अमेरिकेत पाठवलाच नाही, तिथे तो 'ऑल-स्टार्स' या संग्रहातून थेट १९९३ साली गेला. तो खेळताना माणूस शिकत नाही, नुसता चिडतो. त्या गेमला कुणी रिवाइंड लावून खेळलं तर मी स्वतः चहा करून देईन. नियम मोडणाऱ्या शत्रूशी आपणही नियम मोडावेत. पण जो पाळतो त्याच्याशी?

दुसरं तुम्ही म्हणाल, सोपं करणं काही आजचं नाही. बरोबर. तिसऱ्या भागातच बघा. जपानी आवृत्तीत शेपटीवाला किंवा आगवाला मारिओ असताना फटका बसला, की थेट छोटा मारिओ. अमेरिकेत पाठवताना त्यांनी ते मवाळ केलं, फटका बसला की आधी साधा मोठा मारिओ, मग पुढच्या फटक्याला छोटा. त्या खऱ्या झाडासारखं, पहिली चूक माफ. मला हे पूर्ण मान्य आहे. उलट जास्त न्यायाचं वाटतं. थेट पुढच्या जगात नेणाऱ्या तीन शिट्ट्याही गेममध्येच लपवल्या आहेत, त्यातल्या दोन तर पहिल्याच जगात. आडवाट आहे, पण ती शोधावी लागते. १९९३च्या त्याच संग्रहात खेळ जपून ठेवायची सोय आली, तीही हवीच होती. मूळ कॅसेटमध्ये ती नव्हती आणि आईने जेवायला बोलावलं की सगळं गेलं. या साऱ्या सवलतींमध्ये एक गोष्ट समान आहे, चूक झालेली राहते. तिची किंमत कमी होते, पण ती झाली हे कुणी नाकारत नाही. २०१९च्या जुलैत स्विचच्या त्या जुन्या गेमांना जे रिवाइंड जोडलं, ते चूक स्वस्त करत नाही. ते चूक झालीच नाही म्हणतं.

आणि हो, आमच्या नकली कॅसेटमध्येही चोरवाटा होत्या. त्या '९९९९'मधले कित्येक मारिओ म्हणजे तोच मारिओ, फक्त भलत्याच जगापासून सुरू होणारा. आम्ही तेही खेळलो. कबूल.

या फुलावर आणखी एक अन्याय झालाय, तोही सांगून टाकतो. २०१५ साली 'सुपर मारिओ मेकर' आला, ज्यात आपणच लेव्हल बनवायच्या. त्यात साधं पिरान्हा फूल उचललं आणि हलवलं, की ते आग ओकणारं होतं. झालं! लोकांनी ओळीने दहा, वीस, भिंतींवर, छतावर फुलं चिकटवली. सगळा पडदा गोळ्यांनी भरलेला. त्यात कोण कुणाकडे बघतंय हे बघायला तुम्हाला सवडच नाही. एका फुलाशी गाठ पडते तेव्हा ती भेट असते. वीस फुलं म्हणजे नुसता पाऊस, त्यातून पळायचं. तिसऱ्या भागात ज्या माणसांनी पहिल्या लेव्हलला ते एक ठेवलं, त्यांना काय ठेवतोय ते माहीत होतं.

तर हे सगळं मी जेवताना बोलत होतो. भाचा मुकाट जेवत होता. मी म्हटलं, "उद्यापासून ते बटण बंद." आणि बहिणीने ताट सरकवलं.

"दादा, तुला काय माहीत आहे रे?"

मग मुलगा झोपल्यावर तिने सांगितलं. त्याला वाचायला जड जातं. अक्षरं उलटसुलट होतात. हुशार आहे, पण कागद समोर आला की गोठतो. शाळेत प्रत्येक वही लाल फुल्यांनी भरलेली येते. वर्गात मोठ्याने वाचायला उभं करतात आणि बाकीची पोरं हसतात. "दिवसभर तो हरून येतो," ती म्हणाली, "घरी एक जागा अशी आहे जिथे तो हरत नाही. तीही तुला काढून घ्यायची आहे? कशासाठी, तुझ्या त्या फुलासाठी?"

मी गप्प बसलो. त्या रात्री मला माझं सगळं म्हणणं फालतू वाटलं. आणि सकाळी उठल्यावर ते परत खरं वाटलं, उलट जास्तच. का ते सांगतो.

शाळेत तो हरतो तेव्हा त्याला कळत नाही तो का हरला. फुली मिळते. फुली कुठून आली, कधी येणार, कशी टाळायची, काही नाही. फुली त्याच्याकडे तोंड करत नाही, थांबत नाही. ती चिकटून उभं राहिलं तरी येते. त्या १९८६च्या लाल फुलांसारखी. अशा हरण्यापासून त्याला वाचवायलाच हवं, आणि त्यासाठी बहिणीने शाळेत जाऊन जोरात भांडावं, मी तिच्या बरोबर जाईन. पण या फुलाशी हरणं ते हरणं नव्हे. इथे शत्रू त्याच्यासाठी थांबतो. घाई करत नाही, हसत नाही, चौथ्या वेळीही तेच आणि तसंच करतो, चाळिसाव्या वेळीही. ज्या पोराला अक्षरं दर वेळी वेगळी दिसतात, त्याच्यासमोर एक गोष्ट अशी आहे जी कधीच बदलत नाही, नीट बघितलं तर पूर्ण कळते, आणि त्यात वाचायचं एक अक्षर नाही. आणि नेमकी तीच आपण त्याच्या हातून निसटू देतोय, तो हरू नये म्हणून?

बहिणीला हे पटलं नाही. "तू हे मोठ्या माणसासारखं बोलतोयस," ती म्हणाली, "तो दहा वर्षांचा आहे." तिचं म्हणणं, आधी त्याला जिंकायची सवय होऊ दे, मग शिकेल हरायला. माझं म्हणणं, बटण दाबून आलेलं जिंकणं त्यालाही जिंकणं वाटत नाही. त्याने गेम संपवला तेव्हा कुणाला सांगितलंही नाही, मी विचारलं म्हणून कळलं. आमचं भांडण तिथेच आहे अजून. ज्यांच्या हातांना खरोखर त्रास आहे, बोटं वेळेवर हलत नाहीत, त्यांच्यासाठी ते बटण वरदान आहे, हे मात्र तिने मला कबूल करायला लावलं आणि मी केलं. भाच्याची बोटं माझ्यापेक्षा वेगाने चालतात.

मी बटण बंद केलं नाही. तसा मला अधिकारही नव्हता, यंत्र त्याचं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो एकटाच खेळत बसला होता, मी दाराशी उभा. पहिली लेव्हल, पहिली पाईप. मारिओ पाईपला चिकटून उभा. फूल येत नव्हतं. तो एक पाऊल मागे घ्यायचा, फूल वर यायचं, मान वळवायचं. गोळा, उडी. ते खाली गेलं की हा परत चिकटायचा. परत मागे. परत पुढे. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. पुढे जायची त्याला अजिबात घाई नव्हती.

एकदा गोळा लागला. बोटं त्या दोन बटणांवर गेली.

"मामा, तू बघतोयस का?" त्याने मान न वळवता विचारलं.

मी नाही म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेलो.